सुई, खुराक आणि एक नंबरची कुस्ती

"आणखी एक वाटी घ्या, निवेदक. आवाजाला ताकद लागंल," असं म्हणत बाबासो खोतांनी माझ्या ताटात पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी ठेवली, आणि माझ्या पोटानं आतून साफ नकार दिला.

बाबासो म्हणजे आमच्या माळेवाडीच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांचं मैदान सुरू व्हायच्या आधी, त्यांच्या घराच्या सोप्यात पंच, वस्ताद आणि निवेदक यांची मटणाची पंगत बसते. या पंगतीत 'पुरे' म्हणणाऱ्या माणसाकडे लोक काळजीनं बघतात. आणि मी, हिंदुराव जगदाळे, त्या मैदानाचा तेव्हा बावीस वर्षं झालेला निवेदक. त्याआधी दहा वर्षं त्याच तांबड्या मातीत लढलेला. माझा आवाज भोंग्याशिवाय तीन वाड्यांपर्यंत जातो, हे मी सांगत नाही, तिथले लोक तक्रार करतात. असल्या माणसानं एका वाटीला नाही म्हणायचं? मी वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करून खाली ठेवली.

समोर भिंतीला कुबडी टेकवून ज्ञानू वस्ताद बसले होते. मला लंगोट बांधायला त्यांनी शिकवलं. वय अठ्ठ्याहत्तर. साखरेपायी त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढला, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ते अर्धी भाकरी आणि पातळ आमटी घेऊन कधीच थांबले होते आणि माझ्याकडे टक लावून बघत होते. त्यांच्या बघण्यात कौतुक असेल अशी आशा मी कधी ठेवली नाही. आख्ख्या कुस्तीच्या काळात त्यांनी मला एकदाही शाब्बास म्हटलं नव्हतं. चांदीची गदा घेऊन आलो तेव्हाही म्हणाले होते, "डावा खांदा सैल सोडतोस."

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या यात्रेच्या अडीच महिने आधी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा खिळा लागला होता आणि ती जखम काही केल्या भरत नव्हती. माझी बायको हौसा मला ओढतच तालुक्याला डॉक्टर गौरी मगदूम यांच्याकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई आमच्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी रक्त तपासलं, काट्यावर उभं केलं आणि मग अंगठ्याच्या टोकाला टाचणी टोचून विचारलं, "काका, दुखतंय का?"

कळ पार मांडीपर्यंत गेली. पण पैलवानाला एखाद्या बाईनं टाचणी टोचायची आणि त्यानं 'आई गं' करायचं, हे आमच्यात बसत नाही.

"अजिबात न्हाई," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, माझ्या सोसण्याचं नवल वाटलं असेल. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि हौसाला म्हणाल्या, "काकू, अंगठा वाचवायचा तर साखर खाली आली पाहिजे, वजनही उतरलं पाहिजे. गोळ्यांनी भागणार नाही. आठवड्याला एक सुई सुरू करू."

ही सुई पेनासारखी येते, फ्रिजात ठेवायची आणि घरीच टोचून घ्यायची, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. या औषधानं पोट हळू चालतं, म्हणून भूक कमी लागते. सुरुवातीला मळमळेल, पोट गच्च वाटेल, घाण वासाचे ढेकर येतील, शौचाला साफ होणार नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत हे कमी होतं. तोवर थोडं थोडं खायचं, तेलकट-तुपकट टाळायचं, पाणी पीत राहायचं, आणि पोट 'बस' म्हणालं की खरंच बस करायचं. "उलट्या व्हायला लागल्या तर मला फोन करायचा. लपवायचं नाही."

"लपवायचं कशाला?" मी म्हणालो, आणि पहिल्याच आठवड्यापासून लपवायला लागलो.

दर सोमवारी त्यांचा फोन यायचा. "काका, काही त्रास?"

"एकदम फर्स्ट क्लास, मॅडम."

हे मी बहुतेक वेळा परसात भिंतीला हात टेकून, वाकून बोलत असे.

बरं, नुसतं लपवून थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण पोटात काही ठरत नसल्यामुळं मला अशक्तपणा आला, आणि अशक्तपणावर पैलवानाला एकच औषध माहीत असतं. खुराक. पहाटे उठून लिटरभर म्हशीचं निरसं दूध, त्यात पाट्यावर वाटलेले मूठभर बदाम आणि वर पळीभर तूप. दिवसभर काही जात नाही ना, मग सगळी ताकद पहाटेच आत घालून मोकळं व्हायचं, असा माझा हिशेब. ते बाहेर पडलं की मी म्हणायचो, बदाम कमी पडले, आणि दुसऱ्या दिवशी वाढवायचो. आज हसू येतं. तेव्हा मी हे अगदी मनापासून करत होतो.

असे चार आठवडे गेले. मी फर्स्ट क्लास आहे असं समजून डॉक्टरीणबाईंनी ठरल्याप्रमाणे सुईचा डोस वाढवला. वाढीव सुई घेतली रविवारी आणि मैदान होतं बुधवारी.

बुधवारी सकाळी मी फेटा बांधत होतो. हौसा दारात उभी राहिली.

"आवं, बाईंस्नी फोन करा. चार दिस झालं, पोटात काय टिकत न्हाई. ह्या उन्हात दुपारभर हुबं कसं ऱ्हायचं?"

"मळमळतंय म्हणून पैलवान डॉक्टरला फोन करतो व्हय? लोक काय म्हणतील?"

"पैलवान व्हता तवा व्हता. आता पाय ऱ्हातोय का बघा."

मला राग आला. पायाचा नाही, त्या 'होता'चा. कुस्ती सुटली तेव्हा माझ्याकडं फक्त माईक उरला होता, आणि आता तोही जातोय की काय या धास्तीनं मी आतून पार पोखरलो होतो. म्हणून मी तिला सरळ सांगून टाकलं, "हे बघ हौसा. आज मैदान निभावलं, तर सुई चालू. न्हाई निभावलं, तर फ्रिजातली पेनं विहिरीत. माईक सोडून मला जगायचं न्हाई."

"आन पाय?"

 अंगठ्याची पट्टी दिसू नये म्हणून मोजे चढवले आणि बाहेर पडलो.

तर असा मी, पहाटेचं दूध, दुपारचं मटण आणि तीन वाट्या पांढरा रस्सा पोटात घेऊन, तीन वाजता मैदानात उभा राहिलो.

हलगी कडाडली आणि पहिला अर्धा तास मी सगळं विसरलो. लहान जोड्या सुटल्या, माझा आवाज उघडला. कोण कुठल्या तालमीचा, कुणाचा नातू, कुणाच्या आज्यानं याच मातीत कुणाला आस्मान दाखवलं होतं, हे सगळं मला तोंडपाठ. लोक टाळ्या देत होते. मला वाटलं, निभावलं.

मग पहिला ढेकर आला. सडक्या अंड्याचा वास असतो तसला, आणि नेमका माईकमध्ये. सहा भोंग्यांतून तो आख्ख्या मैदानावर गेला. वास तेवढा माझ्यापाशी राहिला हे नशीब.

"मटण चढलं निवेदकाला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"चढंल न्हाई तर काय! बाबासोंनी स्वतः वाढलंय," मी माईकवरूनच परतवलं. लोक हसले, मीही हसलो. पण तोंडात खारट पाणी सुटायला लागलं होतं. कानामागून घाम उतरत होता. मी शेवटून दुसऱ्या, म्हणजे एक नंबरच्या मोठ्या कुस्तीआधीच्या कुस्तीचं वर्णन करत होतो. लाल लंगोटवाल्यानं पट काढला, निळ्यानं वरून दाब दिला, आणि मी बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडलं, माईक टेबलावर टाकला आणि मंचामागं पळालो.

तिथं ट्रॅक्टरच्या चाकाला धरून मी जे काही ओकलो, ते सांगण्यासारखं नाही. पहाटेच्या बदामाचे कणसुद्धा होते त्यात. बारा-बारा तास पोटात जसेच्या तसे पडून राहिलेले.

पुढं हलगी वाजत होती. लोक शिट्ट्या मारत होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा एक कुस्ती मुकी चालली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं उलटीचं नव्हतं. मनात एकच आलं, संपलं. आज घरी जायचं आणि ती पेनं विहिरीत टाकायची.

"किती दिस चाललंय ह्ये?"

मागं ज्ञानू वस्ताद उभे होते. कुबडीवर भार देऊन, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"काय न्हाई वस्ताद, जरा ऊन लागलं."

"हिंद्या, मी ताटापासनं बघतोय तुला. किती दिस?"

"...चार आठवडं. साखरेची सुई चालू हाय. तिच्यानं हुतंय."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"न्हाई."

"का?"

आता मला राग आवरला नाही. तोंड पुसत मी म्हणालो, "का म्हणून मला इचारताय? तुमीच शिकवलंय न्हवं? आंगातलं दुखणं समोरच्याला कळू द्यायचं न्हाई म्हणून. एक डाव इचारलंवतं तुमाला, आठवतंय?"

वस्तादांची नजर स्वतःच्या कापलेल्या पायाकडं गेली. त्यांना आठवत होतं. त्या दिवसाच्या बारा वर्षं आधी तालमीत ते मातीवरून चालताना पाय आखडून टाकत होते. मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "वस्ताद, लंगडताय का? पायाला काय झालंय?" त्यांनी पुढं येऊन माझ्या कानाखाली वाजवली होती. मी पोराबाळांचा बाप, चाळिशी ओलांडलेला माणूस. त्यानंतर कुणी विचारलं नाही, आणि चार महिन्यांनी पाय काढला.

वस्तादांनी तांब्या माझ्या हातात दिला.

"मातीत समोर पैलवान असतोय. त्येला दुखणं कळलं तर त्यो तितंच धरतोय. म्हणून लपवायचं," ते हळू बोलत होते, पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज म्हाताऱ्याचा वाटला. "पर डॉक्टर काय समोरचा पैलवान हाय व्हय रं? त्यो आपल्या बाजूचा. मला ह्ये कळलं तवा ऑपरेशनच्या टेबलावर झोपीवलंवतं मला. त्या दिशी तू इचारलंस, मी तुला मारलं. आज मी इचारतोय. तुला मारायचं आसंल तर मार, पर आदी फोन लाव."

मी फोन लावला. 

"मॅडम, हिंदुराव जगदाळे बोलतोय. फर्स्ट क्लास न्हाई." आणि मग मी थांबलोच नाही. उलट्या, ढेकर, दूध, बदाम, तूप, मटण, तीन वाट्या, सगळं ओकून टाकलं.

 "काका, रोज लिटरभर दूध आणि पळीभर तूप? या सुईवर?"

"खुराक हो, मॅडम. अशक्तपणा आलावता म्हणून."

"पोटात सारखं जोरात दुखतंय का? पाठीत कळ जाते का?"

"न्हाई. खरंच न्हाई. चक्कर हाय थोडी."

"मग सावलीत बसा. पाण्याचे बारीक बारीक घोट घ्या, एकदम नको. आज जड काही नाही. उभं राहायचं नाही. पुन्हा उलटी झाली किंवा पोटात दुखायला लागलं, तर तसेच उठून इकडे यायचं. नाहीतर उद्या सकाळी या. आपण आधीच्या डोसवर मागे जाऊ."

"बंद न्हाई करायची?"

"बंद कशाला? काका, औषध तुमच्या अंगावर येत नाहीये, तुमचा खुराक येतोय. पोट सावकाश चालवायचं औषध घ्यायचं आणि वरून पोतं टाकायचं, कसं व्हायचं? पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतंत तर हे एवढं झालं नसतं. अजून काही सांगायचं राहिलंय का?"

मी वस्तादांकडं बघितलं. ते माझ्या मोज्याकडं बघत होते.

"एक हाय," मी म्हणालो. "ती टाचणी. दुखलं होतं, मॅडम. लई दुखलं होतं."

"काय?" त्यांचा आवाज एकदम चढला. "अहो, मी महिनाभर समजतेय की त्या अंगठ्यातली जाणीव गेली! किती काळजीत होते मी. काका, तुम्ही..." त्या मला शिवी देणार असं वाटलं. पण हसल्या, आणि नाक ओढल्यासारखा आवाज आला. "ही आज ऐकलेली सगळ्यात चांगली बातमी आहे."

एवढ्यात बाबासो मंचामागं धावत आले. "निवेदक, एक नंबरची जोड हातात हात देऊन हुबी हाय! येताय का माईक दुसऱ्याला देऊ?"

"येतोय," मी म्हणालो.

मी तोंड धुतलं, फेटा सारखा केला आणि माईक हातात घेतला. लोकांचा गलका थांबला.

"मंडळी," मी म्हणालो, "निवेदक हिंदुराव जगदाळेला साखर हाय आन त्याला आठवड्याची सुई चालू हाय. चार आठवडं त्यानं डॉक्टरपास्नं दुखणं लपीवलं आन वर खुराक खाल्ला. मगाशी त्याच्याच पोटानं त्याला चितपट केलं. निकाल मान्य हाय."

कुणी हसलं नाही. हलगीवालासुद्धा हात थांबवून बघत होता.

"एक नंबरची कुस्ती मी बसून सांगणार. ह्या मैदानात निवेदक कदी बसला न्हाई, मला ठाव हाय. आज बसंल. खुर्ची आणा."

 मग मैदानाच्या पार टोकाकडून एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची लोकांच्या डोक्यांवरून हातोहात पुढं यायला लागली. तिच्यामागं दुसरी. दुसरी कुणी मागितली नव्हती, पण वस्ताद उभे आहेत हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. कुस्ती बत्तीस मिनिटं चालली. मी बोलायचो, थांबायचो, वस्ताद तांब्या पुढं करायचे, मी एक घोट घ्यायचो आणि पुन्हा बोलायचो. त्या दिवशीइतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोललो नाही, असं आजही लोक सांगतात. मलाही तसंच वाटतं.

मैदान सुटल्यावर माणसं माझ्याभोवती घुटमळायला लागली. एक पंच बाजूला घेऊन म्हणाले, "माज्याबी टाचंला जखम हाय. कुटं बसत्यात तुमच्या बाई?" मग दुसरे आले. सगळ्यात शेवटी, आजूबाजूला बघत, बाबासो खोत.

"निवेदक, मलाबी तीच सुई लिवून दिलीय. दोन म्हैनं झालं, फ्रिजात तशीच हाय. जेवणावरची वासना जाती म्हणत्यात, म्हणून भ्या वाटतंय."

"जाती न्हाई, बाबासो. आवरती. फकस्त वाढताना तिसरी वाटी देऊ नगा कुणाला," मी म्हणालो.

पेनं विहिरीत गेली नाहीत. घरी गेल्यावर मी हौसाला सगळं सांगितलं. तिनं बदामाचा डबा उचलला आणि शेजारच्या लेकुरवाळीला देऊन आली. पुढचा महिना ती मला छोट्या ताटलीत वाढायची. अर्धी भाकरी, मऊ भात, मुगाचं वरण, भाजी. चार घास झाले की विचारायची, "पोट काय म्हंतंय?" आणि मी खरं सांगायचो. मळमळलं तर मळमळलं, पोट साफ नसलं तर नाही. जेवण झालं की आडवं न होता देवळापर्यंत चालून यायचो. दोन-तीन आठवड्यांत उलट्या थांबल्या. डोस पुढं हळूहळू वाढला, तोही बाईंना विचारून. साखर उतरायला लागली, बारा किलो वजन गेलं, आणि पाच महिन्यांनी अंगठ्याची जखम भरली.

त्या दिवशी मी पेढे न घेता, नुसता पाय घेऊन ज्ञानू वस्तादांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"दाव," ते म्हणाले.

मी चप्पल काढून पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांच्या मांडीवर पाय ठेवायची माझी हिंमत एरवी झाली नसती. त्यांनी चष्मा वर केला, भरलेल्या जखमेवरून बोट फिरवलं आणि मग एकाएकी, ज्या अंगठ्यानं त्यांनी कितीतरी पैलवानांचे खांदे मातीला लावले होते, त्या अंगठ्यानं तिथं जोरात दाबलं.

"दुखतंय?"

'न्हाई' माझ्या जिभेवर तयारच होतं. पन्नास वर्षांची सवय. मी ते गिळलं.

"दुखतंय, वस्ताद."

त्यांनी माझा पाय तसाच धरून ठेवला. बराच वेळ.

"शाब्बास," ते म्हणाले.